कंपनीविना गाणारा जिल्हा

राजधानी म्हणून अहमदनगरला जेमतेम एकशे दहा वर्षे मिळाली. मलिक अहमदने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात शहर वसवले. १६०० साली मोगलांनी किल्ला घेतला आणि राजधानीचे दिवस संपले. त्या काळाच्या ज्या खुणा उरल्या त्यांत चित्रे आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी आहे. अभ्यासक अहमदनगर शैलीची मानतात ती रागमालेची पानेही आज निरनिराळ्या संग्रहांत जपलेली आहेत. रागाचे चित्र काढायला लावणाऱ्या दरबारात गाणे होतेच. पण तो दरबार गेला आणि नंतर दुसरा आला नाही.

नगरच्या संगीताचा विचार करताना मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. १८१८ नंतर हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली आला. कोल्हापूरला छत्रपतींचा दरबार होता, म्हणून अल्लादिया खाँ तिथे राहिले. मिरजेला संस्थान होते, अब्दुल करीम खाँ तिथे स्थिरावले. बडोदा, इंदूर, सांगली या साऱ्यांनी कोणा ना कोणा कलावंताला घर दिले. नगरला असे मोठे संस्थान नव्हते, म्हणून नगरचे घराणेही झाले नाही. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, चित्रपट आले, कॅसेट आली, तेव्हा ते सगळे व्यवहार मुंबई-पुण्यात झाले. पुणे इथून सव्वाशे किलोमीटरवर. ज्याला गाऊन नाव करायचे तो तिकडे गेला. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला शाहू मोडक तिकडे जाऊन बोलपटाच्या पहिल्या काळातला गाणारा नट झाला, आणि ‘प्रभात’च्या १९४० सालच्या चित्रपटात ज्ञानेश्वर म्हणून घरोघरी पोहोचला.

मग इथे उरले काय? सतरा हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर माणसे. हा जिल्हा गाण्यावाचून राहिलेला नाही. तो राजाविना, कंपनीविना आणि बहुतेक वेळा सरकारविनाही गात आला आहे. आता त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडी मात्र ‘नगर’च आहे, म्हणून या लेखातही मी तेच वापरतो. स्वतःच्या बळावर चालणारे संगीत म्हटले की गिटार घेतलेली चार मुले आणि शहरातला एखादा कॅफे आपल्या डोळ्यांपुढे येतो. नगरमध्ये तेवढेच शोधले तर हाती फार थोडे लागेल. गाण्याचा खर्च कोण उचलतो हे विचारत गेले की जिल्हा उलगडू लागतो.

सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भक्कम आश्रय वारकऱ्यांचा. १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. श्रीगोंद्यात शेख महंमद झाले, मुसलमान घरातले, विठ्ठलावर अभंग लिहिणारे. पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरला निळोबाराय, राहुरीकडच्या ताहाराबादला संतचरित्रकार महिपती. अकोळनेरला १८६८ साली जन्मलेले दासगणू पोलिसात होते, लावण्या रचत होते, आणि नंतर कीर्तनकार झाले. शिर्डीच्या साईबाबांचे नाव मुंबई-कोकणात पोहोचले त्यात दासगणूंच्या कीर्तनांचा वाटा फार मोठा आहे. रेडिओच्याही आधीचा हा प्रसार एका माणसाच्या गळ्यावर आणि पायांवर झाला.

या परंपरेची आर्थिक बाजू सहसा कोणी लिहीत नाही. अखंड हरिनाम सप्ताह गावाच्या वर्गणीवर चालतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहारे लावलेले असतात. पखवाजवाला, पेटीवाला, चाल म्हणणारे टाळकरी, रोज रात्री वेगळा कीर्तनकार. श्रीरामपूर-वैजापूरच्या सीमेवरच्या सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे आणि दरवर्षी नव्या गावात भरतो. आमटी-भाकरीच्या पंगती गावोगावच्या चुलींवर उभ्या राहतात. यात गायकाला मानधन मिळते, पखवाजवाल्याला त्याहून कमी मिळते, टाळकऱ्याला जेवण मिळते. पण कोणत्याही एका मालकाच्या मर्जीवर हे थांबत नाही, कारण वर्गणी हजार घरांतून आलेली असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइलने त्यात मोठा बदल केला. अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर, यांची कीर्तने जिथे मराठी समजते तिथे पाहिली जातात. त्यांच्या काही विधानांवरून मोठे वाद झाले आणि ते वाद व्हायलाच हवे होते. पण त्या गाजावाजात मागे उभे राहून चाल म्हणणाऱ्या गायकाकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि संगीताच्या दृष्टीने कीर्तनाचा अर्धा भार त्याच्यावर असतो.

दुसरा प्रवाह चर्चचा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरमध्ये काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघाले. आरंभी पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवलेली स्तोत्रे होती, आणि ती गाताना मराठी जीभ अडखळत असे. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, पदे अशा देशी घाटात उपासना आणली. टिळकांचे बरेचसे आयुष्य नगर-राहुरी भागात गेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही तो परिसर परका नाही. आज मराठी चर्चमधून म्हटल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीता’त टिळकांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. दर रविवारी माणसे एकत्र जमून सुरात गातात, लहान मुले पेटी आणि गिटारवर हात बसवतात, आणि यासाठी तिकीट वा सुपारी लागत नाही. नगरच्या संगीताबद्दल बोलताना भल्याभल्यांना हा प्रवाह आठवत नाही. ती मोठी चूक आहे.

तिसरी गोष्ट जगाला ठाऊक आहे आणि नगरला कमी ठाऊक आहे. शहराच्या दक्षिणेला अरणगावजवळ मेहेराबाद आहे, मेहेरबाबांची समाधी. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले आणि ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडले नाही. जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे न बोललेल्या या माणसाच्या नावाने किती गाणी जन्मली पाहा. ‘द हू’ या इंग्लिश बँडचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. १९७१ सालच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्यातले ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. त्याआधी १९७० साली टाउनशेंड आणि इतर भक्तांनी ‘हॅपी बर्थडे’ ही ध्वनिमुद्रिका काढली ती भक्तमंडळींपुरती, कोणत्याही मोठ्या कंपनीशिवाय. बॉबी मॅकफेरिनचे ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे मेहेरबाबांच्या एका भित्तिपत्रकावरच्या ओळीतून सुचले. १९८८ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि वाद्यांशिवाय नुसत्या कंठाने केलेले गाणे तिथवर जाण्याची ती पहिली वेळ होती. दरवर्षी ३१ जानेवारीच्या अमरतिथीला मेहेराबादला देशोदेशीची माणसे जमतात. दुपारच्या मौनानंतर कोल पोर्टरचे ‘बिगिन द बिगीन’ होते, कारण ते बाबांचे आवडते गाणे होते. त्याच मंडपात हिंदी भजने, तेलुगू भजने, गझला, कव्वाली, इंग्रजी गाणी एकापाठोपाठ एक होतात. स्वतः रचलेली गाणी स्वतः गाणाऱ्यांचा एवढा मोठा मेळावा या जिल्ह्यात दुसरा नाही. नगरच्या तरुण वादकांनी तिथे जाऊन बसावे, ऐकावे. कोणी अडवत नाही.

आता तमाशाकडे येतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा तोच आहे.

संगमनेर हे तमाशाच्या इतिहासातले मोठे गाव. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचा फड इथला. खेडकर गेल्यानंतर कांताबाईंनी पुन्हा शून्यातून स्वतःचा फड उभा केला आणि चालवला. त्या गात, नाचत, वगात पुरुष भूमिकाही करत, आणि फडमालकीण म्हणून शंभरावर माणसांचे पोट सांभाळत. शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कारही त्यांना मिळाला. करोनाने सलग दोन हंगाम बंद पाडले आणि २५ मे २०२१ रोजी संगमनेरमध्ये कांताबाई करोनानेच गेल्या. पुत्र रघुवीर खेडकर तो वारसा चालवत आले आहेत. नगरकडून हरिभाऊ बढे नगरकर यांचा फडही राज्यभर फिरलेला.

फडाचा हिशेब समजून घेतला तर स्वबळावरच्या कलेचे खरे दुखणे कळते. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला हंगाम मिटतो. पावसाळ्याचे चार महिने हाताला काम नाही. त्या काळात कलावंतांना उचल द्यावी लागते. ती उचल फडमालक व्याजाने पैसा काढून देतो आणि हंगामात फेडतो. ट्रक, तंबू, जनरेटर, डिझेल, स्वयंपाकी, बिगारी यांचा खर्च कार्यक्रम होवो न होवो चालूच राहतो. मिळकतीचे दोन मार्ग आहेत. एक, कनात लावून तिकीट विक्री. दुसरा, यात्रा कमिटीची सुपारी. पाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. संगमनेर, अकोले, पारनेरचे पंच तिथे हमखास असतात.

तिकिटाचा खेळ आणि सुपारीचा खेळ यांत फार अंतर आहे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक ढोलकीच्या तोड्यासाठी, वगासाठी रात्रभर थांबत असे. आवडले नाही तर उद्या तो येणार नाही, एवढीच त्याची सत्ता. सुपारीच्या खेळात पैसे कमिटी देते, प्रेक्षक फुकट बघतो, आणि काय व्हावे ते पुढे बसलेली चारदोन माणसे ठरवतात. गण, गौळण, बतावणी आटोपती घ्या, हिंदी-मराठी सिनेमाची गाणी लावा, हा आग्रह तिथून येतो. वग पहाटेपर्यंत रंगायचा तो आता कित्येक ठिकाणी होतच नाही. तमाशा बिघडला म्हणून कलावंतांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. मला तो दोष पटत नाही. हजारांच्या खिशातून येणारा पैसा एका हातात गोळा झाला की त्या हाताची आवड कलेवर बसते. आज तिकिटाचा तंबू टिकवून धरणारे जे थोडे फड आहेत, त्यांना मी या राज्यातले खरे स्वतंत्र कलावंत म्हणेन.

जामखेडच्या कला केंद्रांतली संगीत बारी हा याच घराचा दुसरा उंबरा. तिथे पेटी, तबला-ढोलकी आणि बैठकीची लावणी जपणाऱ्या पार्ट्या महिनोन्महिने मुक्काम करतात. ज्या बायकांच्या गळ्यात शंभर शंभर जुन्या लावण्या आहेत, त्यांच्याकडे फर्माइश मात्र सिनेमाच्या गाण्याची होते. भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकाने या जगाकडे सुशिक्षित वाचकाचे लक्ष वळवले आणि त्यावरच्या कार्यक्रमांनी या कलावंत स्त्रियांना शहरातल्या नाट्यगृहांत मानाने उभे केले. जामखेडच्या गायिकेला मुंबईत टाळ्या मिळतात आणि ऐंशी किलोमीटरवरच्या नगर शहरात तिची बैठक होत नाही, हे मला बोचते.

पाचवा आश्रयदाता तुलनेने नवा आहे आणि झपाट्याने वाढतो आहे. तो म्हणजे जयंती. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, ३१ मे, १ ऑगस्ट. मुंबईच्या कंपन्या दिवाळी किंवा गणपती बघून गाणी काढत. जिल्ह्यातला गीतकार या चार तारखा बघून काढतो. चोंडी हे अहिल्यादेवींचे जन्मगाव जामखेड तालुक्यात, त्यामुळे ३१ मे जवळ आला की धनगरी ओवीच्या आणि गजी ढोलाच्या ठेक्यावरची नवी गाणी ठिकठिकाणी तयार होतात. भीमगीतांची परंपरा याहून जुनी आणि अधिक खोल. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डकांचा जलसा आणि वामनदादांची गाणी आली आणि नगरच्या वस्त्यावस्त्यांत रुजली. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. ‘बलुतं’ सर्वांना माहीत आहे, पण धरणावर राबणाऱ्या बाईचे त्यांचे गाणे चळवळीतल्या शाहिरांनी महाराष्ट्रभर नेले. भंडारदऱ्याचे धरण ज्या तालुक्यात आहे तिथल्या माणसाने ते लिहावे यात नवल नाही.

या गीतांचा कॅसेटचा काळ १९८० ते २००५ धरावा. त्या काळाने खेड्यातल्या गायकाला पहिल्यांदा आवाज दिला आणि पहिल्यांदा फसवलेही. मुंबईला जायचे, दोन दिवसांत आठ गाणी मुद्रित करायची, ठोक रक्कम घ्यायची आणि कागदावर सही करायची. गाणे गाजले तरी पुढे काही नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातले असो वा कॅसेटमधले, गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा आता कोणी सही घेऊनही काढून घेऊ शकत नाही. पण तो वाटा मिळवायला कॉपीराइट संस्थेचे सभासद व्हावे लागते, आपली गाणी नोंदवावी लागतात. जिल्ह्यातल्या किती गीतकारांना हे कोणी समजावून सांगितले? कायदा झाला, त्याची वार्ता वस्तीपर्यंत गेली नाही.

आज स्टुडिओसाठी पुण्याला जावे लागत नाही. तालुक्याच्या गावीही संगणक, एक बरा माइक आणि गाद्या लावलेली खोली मिळते. गाणे यूट्यूबवर चढते. जाहिरातीतला पैसा सुरू व्हायला हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे लागते. तो टप्पा ओलांडल्यावरही येणारी रक्कम महिन्याच्या किराण्याला पुरेल अशी खात्री नसते. त्यामुळे गाण्याने ओळख मिळते आणि पोट पुन्हा लग्नाच्या सुपारीवर, बँजो पार्टीवर, हळदीच्या कार्यक्रमावरच भरते.

डीजेबद्दल फार लिहायची इच्छा नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, आणि राज्य सरकार वर्षात फार तर १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. नियम स्पष्ट आहे. त्याच्या उल्लंघनाने म्हाताऱ्यांचे आणि आजाऱ्यांचे हाल होतात, आणि संगीताचेही नुकसान होते. एका डीजेच्या गाडीने हलगीवाल्यांचा, संबळवाल्यांचा, ब्रास बँडमधल्या पंधरा माणसांचा रोजगार गिळला आहे. मढीच्या कानिफनाथ यात्रेला होळीपासून पाडव्यापर्यंत भटक्या जमाती जमतात. डफ आणि किंगरी वाजवणारे हात तिथे अजून दिसतात. अकोल्याच्या डोंगरात बोहाड्याची सोंगे संबळाच्या ठेक्यावर नाचतात, कांबड नाच होतो. हे वादक कोणत्याही शाळेत शिकले नाहीत आणि त्यांच्या मुलांना हे शिकावेसे वाटावे असे आपण काही केलेले नाही.

शिलाँगचे उदाहरण इथे उपयोगी आहे. ते मेघालयच्या राजधानीचे छोटे शहर, २०११ मध्ये लोकसंख्या दीड लाखाच्या आत, म्हणजे नगर शहराच्या निम्म्याहून कमी. तिथे १९७२ पासून लू माजॉ हा गायक दर २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतो. ‘सोलमेट’सारखा ब्लूज बँड तिथे घडला, शिलाँग चेंबर क्वायर २०१० साली देशभर गाजले. मुळात तिथेही चर्चमधले सामूहिक गायन आहे, जे आपल्याकडेही आहे. फरक पुढे पडतो. मेघालय सरकारने अलीकडे स्थानिक कलावंतांना सार्वजनिक जागी नियमित कार्यक्रम देऊन त्याचे मानधन देण्याची योजना सुरू केली. मोठे महोत्सव वर्षातून एकदा होतात. आठवड्याला एक छोटा कार्यक्रम आणि त्याचे ठरलेले पैसे यांनी वादक टिकतो.

नगरमध्ये श्रोते नाहीत हे खोटे आहे. या जिल्ह्यातला माणूस सप्ताहात रात्र काढतो, यात्रेत तंबूत बसतो, जयंतीला मिरवणुकीत गातो. नाटकाच्या बाबतीत शहराने स्वतःला सिद्धही केले आहे. ‘अहमदनगर महाकरंडक’ या एकांकिका स्पर्धेसाठी राज्यभरातून तरुण येतात, आणि सदाशिव अमरापूरकरांसारखा नट याच शहराच्या हौशी रंगभूमीवर घडला. संगीतासाठी तशी एकही जागा नाही. लग्नाचे हॉल आहेत, मोठी सभागृहे आहेत, पण दीडशे-दोनशे माणसांची, स्वस्त भाड्याची, बऱ्या ध्वनियोजनेची खोली नाही, जिथे शंभर रुपयांचे तिकीट लावून जामखेडची गायिका, भीमगीताचा शाहीर, चर्चमधली गिटारवाली मुलगी आणि पखवाजवाला आळीपाळीने उभे राहतील. महापालिकेला आणि जिल्हा नियोजन समितीला ही खोली परवडते. त्यासाठी भव्य वास्तूची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरे काम आपले आहे, त्याला सरकार लागत नाही. घरात, मंडळाच्या कपाटात, बंद पडलेल्या रेकॉर्डिंगच्या दुकानात जुन्या कॅसेटी पडून असतील. कोण्या शाहिराच्या, कोण्या भजनी मंडळाच्या, यात्रेत टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेल्या वगाच्या. त्या फिती दरवर्षी खराब होत आहेत. त्या भंगारात देऊ नका. शहरात त्या संगणकावर उतरवून देणारे आहेत, उतरवून घ्या, आणि प्रत्येकीवर गायकाचे, गीतकाराचे, ढोलकीवाल्याचे नाव, गाव आणि साल लिहा. नाव सांगणारी म्हातारी माणसे अजून गावात आहेत. येत्या सुट्टीत त्यांना विचारून घ्या.